टॅब्लो सर्व्हरवर वर्कबुक पब्लिश करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅब्लो हे डेटावरून तक्ते आणि आलेख बनवण्याचं सॉफ्टवेअर. त्याच्या 'डेस्कटॉप' या प्रोग्राममध्ये वर्कबुक (अशा तक्त्यांची फाइल) तयार होतं, आकडे जुळतात, रंग बसतात. मग ते सर्व्हरवर चढतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात : "काहीच दिसत नाही", "पासवर्ड मागतंय", "आकडे परवाचेच आहेत". सर्व्हर सांभाळताना हे प्रश्न मला इतक्या वेळा आले, की उत्तरं एका जागी लिहून ठेवली. जवळपास सगळ्यांचं मूळ एकच आहे. तुमच्या मशीनवर वर्कबुक तुमच्या नावाने, तुमच्या परवानग्यांनी, तुमच्याकडच्या ड्रायव्हरवर (डेटाबेसशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम) चालतं. सर्व्हरवर तुम्ही नसता. तिथे तुमच्या जागी कोण, कुठून आणि कोणाच्या नावाने डेटा आणणार, हे पब्लिशचं बटण दाबण्याआधी ठरवावं लागतं.

फाइल मेलने पाठवली तर काय बिघडतं? सर्व्हरच का?

एकदाच बघायचा तक्ता असेल तर काही बिघडत नाही. पण दर आठवड्याला बघायचा असेल तर महिन्याभरात चार जणांकडे चार फाइली होतात आणि बैठकीत निम्मा वेळ "तुझा आकडा वेगळा का?" यात जातो. सर्व्हरवर एकच प्रत असते, सगळे तीच ब्राउझरमध्ये बघतात, आणि कोणाला काय दिसावं हे तुमच्या हातात राहतं. मेलने गेलेल्या फाइलीबरोबर तिच्यातला सगळा डेटाही गेलेला असतो. तो परत मागवता येत नाही.

टीडब्ल्यूबी आणि टीडब्ल्यूबीएक्स यांत फरक काय? पब्लिश कोणती करायची?

टीडब्ल्यूबी ही साधी एक्सएमएल फाइल आहे. तिच्यात मांडणी, सूत्रं आणि डेटा कुठून घ्यायचा त्याचा पत्ता असतो, डेटा नसतो. टीडब्ल्यूबीएक्स म्हणजे त्याच फाइलीची झिप : आत एक्स्ट्रॅक्ट (डेटाची काढून ठेवलेली प्रत), एक्सेल फाइल, चित्रं असं सामान बांधलेलं. पब्लिश तुम्ही डेस्कटॉपच्या 'सर्व्हर' मेनूतून करता, त्यामुळे यातली कोणती निवडायची हा प्रश्न तिथे येतच नाही. फरक माहीत हवा तो दुसऱ्या कारणासाठी. कोणाला टीडब्ल्यूबीएक्स देताना आपण डेटाही देतो आहोत, हे लक्षात असावं.

मला पब्लिशचा पर्यायच दिसत नाही.

तुमची भूमिका तपासा. २०१८ पासून टॅब्लोत क्रिएटर, एक्सप्लोरर आणि व्ह्यूअर अशी तीन प्रकारची लायसन्स आहेत. व्ह्यूअरला पब्लिश करता येत नाही. एक्सप्लोररला ॲडमिनने तशी भूमिका दिली असेल तरच करता येतं. क्रिएटरला येतं, पण ज्या प्रोजेक्टमध्ये (सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये) टाकायचं त्यावरही पब्लिशची परवानगी लागते. लायसन्स आहे पण प्रोजेक्टवर परवानगी नाही, अशीच अडचण जास्त वेळा निघते.

डेटासोर्स वर्कबुकमध्येच राहू द्यावा की वेगळा पब्लिश करावा?

डेटासोर्स म्हणजे डेटा कुठून घ्यायचा ती जोडणी, तिच्यावरच्या सूत्रांसकट. पब्लिश करताना हा पर्याय एका छोट्या दुव्यामागे असतो आणि बहुतेक जण तो न उघडताच पुढे जातात. माझं मत स्पष्ट आहे : तोच डेटा दुसऱ्या एखाद्या वर्कबुकला लागण्याची शक्यता असेल, तर डेटासोर्स वेगळा पब्लिश करा.

कारण असं. समजा पाच वर्कबुकं एकाच विक्रीच्या टेबलावर उभी आहेत आणि प्रत्येकात डेटासोर्स आतच आहे. मग सर्व्हर रोज तोच डेटा पाच वेळा उपसतो. 'निव्वळ विक्री'चं सूत्र पाच ठिकाणी लिहिलेलं असतं. परतावा वजा करायचा नियम बदलला की तीन ठिकाणी दुरुस्ती होते, दोन राहून जातात, आणि कुठली दोन हे कळायला महिना जातो. डेटासोर्स वेगळा असला की सूत्र एका जागी, रिफ्रेश (डेटा नव्याने आणणं) एक, आणि फील्डची (रकान्यांची) नावं सगळीकडे सारखी.

याची किंमतही आहे. सामाईक डेटासोर्समधलं फील्ड कोणी काढलं किंवा त्याचं नाव बदललं, तर त्यावरची सगळी वर्कबुकं एकदम मोडू शकतात. म्हणून त्याला एक जबाबदार माणूस हवा, आणि बदल करण्याआधी कोणकोणती वर्कबुकं त्याला जोडलेली आहेत ते सर्व्हरवरच्या यादीत बघण्याची सवय हवी. एकट्यादुकट्या, प्रयोगाच्या कामाला मात्र आत ठेवलेला डेटासोर्सच सोयीचा.

लाइव्ह कनेक्शन की एक्स्ट्रॅक्ट?

लाइव्हमध्ये प्रत्येक फिल्टर हलवला की मूळ डेटाबेसला प्रश्न जातो. मधल्या कॅशेत (आधीची उत्तरं साठवण्याच्या जागेत) उत्तर असेल तर तेवढी फेरी वाचते. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे एका क्षणी घेतलेली प्रत. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या १०.५ आवृत्तीपासून ती हायपर या स्वरूपात साठवली जाते. त्याआधीची टीडीई स्वरूपातली एक्स्ट्रॅक्ट जुन्या फोल्डरांत अजून सापडतात.

लोक "लाइव्हच हवं" असं सांगतात. तेव्हा मी विचारतो, हा आकडा बघून तुम्ही तासाभरात काही करणार आहात का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही, सकाळी एकदा बघतो' असं येतं. मग रात्रीचा एक्स्ट्रॅक्ट पुरेसा आहे, आणि डेटाबेसवर दिवसभर भार पडत नाही. गोदामात आत्ता किती माल आहे, कुठला कॉल अजून उचललेला नाही, असल्या कामांना लाइव्ह हवंच. एक्स्ट्रॅक्ट बनवताना न लागणारी फील्ड लपवून टाका. ती एक्स्ट्रॅक्टमध्ये जातच नाहीत आणि फाइल बरीच हलकी होते.

माझ्या मशीनवर नीट चालतं, सर्व्हरवर का नाही?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. याची कारणं मोजकी आहेत. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो.

आधी फाइलीचा पत्ता. डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीत असेल आणि ती फाइल तुमच्या मशीनच्या डेस्कटॉपवर किंवा 'झेड' ड्राइव्हवर असेल, तर सर्व्हरला ती सापडणार नाही. 'झेड' हे अक्षर तुमच्या मशीनपुरतं जोडलेलं असतं. सर्व्हरला शेअर्ड फोल्डरचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा लागतो, मशीनच्या नावापासून सुरू होणारा. आणि सर्व्हर ज्या सर्व्हिस अकाउंटने (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या खात्याने) चालतो त्याला तो फोल्डर वाचायची परवानगी लागते. तुम्हाला ती आहे, याचा इथे काही उपयोग नाही.

याच्या शेजारीच एक फसवी गोष्ट आहे. पब्लिश करताना 'बाहेरच्या फाइली सोबत घ्या' असा पर्याय येतो. तो निवडला की फाइलीची प्रत वर जाते, वर्कबुक लगेच चालतं, सगळे खूश होतात. पण ती प्रत त्या दिवसाची आहे. तुम्ही तुमच्या फोल्डरमधली एक्सेल रोज भरत राहिलात तरी सर्व्हर त्याच जुन्या प्रतीकडे बघत बसतो. कुठेही चूक दाखवली जात नाही, लाल खूण येत नाही, आणि म्हणूनच हे पटकन लक्षात येत नाही.

मग ड्रायव्हर. डेटाबेसचा ड्रायव्हर तुमच्या लॅपटॉपवर आहे, तसाच तो सर्व्हरच्या मशीनवरही बसवलेला हवा. हे काम ॲडमिनचं. त्याला डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती दोन्ही सांगा.

मग नेटवर्क. टॅब्लो क्लाउड (टॅब्लोनेच इंटरनेटवर चालवलेला सर्व्हर) वापरत असाल तर तो तुमच्या अंतर्गत नेटवर्कच्या बाहेर आहे, त्यामुळे आतल्या डेटाबेसपर्यंत तो आपण होऊन पोचत नाही. त्यासाठी टॅब्लो ब्रिज नावाचा प्रोग्राम आतल्या एका मशीनवर चालू ठेवावा लागतो. ते मशीन रात्री कोणी बंद केलं की रिफ्रेशही बंद. (जुन्या मदतपानांत 'टॅब्लो ऑनलाइन' असं नाव दिसलं तर गोंधळू नका. २०२२ मध्ये त्याचंच नाव टॅब्लो क्लाउड झालं.)

शेवटी फॉन्ट. देवनागरी मथळ्यांसाठी तुम्ही आवडीचा फॉन्ट वापरला आणि तो सर्व्हरवर नसेल, तर सर्व्हर दुसराच घेतो. मग ओळी तुटतात, जोडाक्षरं विस्कटतात, पीडीएफमध्ये तर फारच. मराठी मथळे असलेला डॅशबोर्ड (अनेक तक्ते एकत्र मांडलेलं पान) पब्लिश केल्यावर त्याची पीडीएफ एकदा काढून बघाच.

मला सगळं दिसतं, पण इतरांना पासवर्ड मागतो किंवा रिकामं पान दिसतं.

पब्लिशच्या खिडकीत ऑथेंटिकेशनचा, म्हणजे डेटाबेसला कोणाची ओळख द्यायची याचा, पर्याय असतो. 'वापरणाऱ्याला विचारा' हे निवडलं की वर्कबुक उघडणाऱ्या प्रत्येकाला डेटाबेसचं स्वतःचं खातं लागतं. 'पासवर्ड आत ठेवा' निवडलं की सगळे तुमच्या दिलेल्या खात्याने डेटा बघतात. तुम्हाला पहिल्या पर्यायातही सगळं दिसतं, कारण तुमचं खातं आहे. वरिष्ठांचं बहुधा नसतं.

वेगळ्या पब्लिश केलेल्या डेटासोर्सलाही हाच नियम थोड्या बदलाने लागू होतो. तिथे 'वापरणाऱ्याला विचारा' ठेवलं, तर बघणाऱ्याला वर्कबुकखेरीज त्या डेटासोर्सवरही 'व्ह्यू' आणि 'कनेक्ट' या परवानग्या लागतात. वर्कबुकची परवानगी दिली आणि डेटासोर्सची विसरली, ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे.

आत ठेवायचं खातं मात्र तुमचं वैयक्तिक नसावं. वैयक्तिक पासवर्ड दर काही महिन्यांनी बदलतो, आणि बदलला त्या रात्री त्या खात्यावरचे सगळे रिफ्रेश पडतात. शिवाय तुमच्या खात्याला दिसणारं सगळं, पगाराची टेबलंसुद्धा, त्या दारातून पोचण्याजोगं होतं. डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडून फक्त वाचायची परवानगी असलेलं आणि लागतील तेवढीच टेबलं दिसणारं एक सर्व्हिस खातं मागून घ्या. ते मिळायला आठवडा लागला तरी थांबा.

रिफ्रेश आपोआप बंद पडला. कोणी बंद केला?

बहुधा सर्व्हरनेच. सर्व्हरची मूळ मांडणी अशी आहे, की एखादा एक्स्ट्रॅक्ट रिफ्रेश लागोपाठ ५ वेळा फसला की तो थांबवला जातो. कारण दुरुस्त केल्यावर तो हाताने पुन्हा चालू करावा लागतो, आपोआप होत नाही. शुक्रवारी पासवर्ड बदलला, तासाला एक रिफ्रेश लावलेला असेल, तर संध्याकाळपर्यंत तो थांबलेला असतो. सोमवारी पासवर्ड दुरुस्त होतो आणि आकडे तरीही जुनेच राहतात, ते यामुळे.

दुसरी मर्यादा वेळेची. मूळ मांडणीत एका रिफ्रेशला ७,२०० सेकंद, म्हणजे २ तास मिळतात. त्यापेक्षा जास्त लागले की काम तोडलं जातं. ही मर्यादा ॲडमिन वाढवू शकतो, पण त्याला ते सांगण्याआधी एक्स्ट्रॅक्टमध्ये दहा वर्षांचा डेटा खरंच हवा आहे का, ते बघा.

सगळ्यांनी सकाळी ६ ची वेळ निवडली की रांग लागते आणि तुमचा रिफ्रेश ७ ला सुरू होतो. ॲडमिनला विचारून मोकळी वेळ घ्या.

इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावला, तरी मागच्या महिन्याचे आकडे चुकीचे का?

कारण इन्क्रिमेंटल रिफ्रेश फक्त नवीन ओळी जोडतो. तारीख किंवा क्रमांकाचं एक फील्ड तुम्ही दिलेलं असतं आणि त्याच्या शेवटच्या मूल्यापुढचं तो आणतो. जुन्या ओळीत झालेली दुरुस्ती किंवा रद्द झालेली ऑर्डर त्याला कळत नाही. तुमच्याकडे मागच्या नोंदी बदलत असतील, आणि हिशेबाच्या बहुतेक डेटात त्या बदलतातच, तर आठवड्यातून एकदा पूर्ण रिफ्रेश लावा.

परवानग्यांचं गणित समजत नाही. एकाला दिली तरी दिसत नाही, दुसऱ्याला काढली तरी दिसतं.

नियम थोडे आहेत, पण क्रम महत्त्वाचा. वर्कबुकच्या मालकाला आणि ॲडमिनला सगळं दिसतं, त्यांना बाकीचे नियम लागू नाहीत. इतरांसाठी आधी त्या व्यक्तीच्या नावाने लिहिलेला नियम पाहिला जातो. तो नसेल तर तिच्या गटांचे नियम. दोन गटांत एक 'हो' आणि एक 'नाही' असेल तर 'नाही' जिंकतो. आणि कुठेच काही लिहिलेलं नसेल तर उत्तर 'नाही'च.

यातून माझा सल्ला एवढाच : व्यक्तीच्या नावाने नियम लिहू नका, गटाला लिहा. माणसं बदली होतात, विभाग बदलतात, आणि नावावर दिलेली परवानगी त्यांच्यामागे तशीच राहते. 'सगळे वापरकर्ते' या गटाकडे खास लक्ष द्या. 'डीफॉल्ट' प्रोजेक्टमध्ये या गटाला सुरुवातीलाच परवानग्या असतात, त्यामुळे घाईत तिथे टाकलेलं वर्कबुक साइटवरच्या प्रत्येकाला दिसू शकतं. जिथे गोपनीय आकडे आहेत तो प्रोजेक्ट लॉक करून घ्या. मग परवानग्या प्रोजेक्टवरूनच ठरतात आणि पब्लिश करणाऱ्याच्या हातून चूक व्हायला वाव राहत नाही.

मी पगाराची शीट लपवली आहे. आता ती सुरक्षित आहे ना?

नाही. आणि हे मी जितक्या ठामपणे सांगता येईल तितक्या ठामपणे सांगतो.

शीट लपवणं ही मांडणीची सोय आहे. ज्याला वर्कबुक डाउनलोड करण्याची परवानगी आहे तो ते डेस्कटॉपमध्ये उघडून लपवलेली शीट परत दिसती करू शकतो, आणि सोबत आलेल्या एक्स्ट्रॅक्टमधलं प्रत्येक फील्ड वाचू शकतो. डॅशबोर्डवर फक्त विभागवार सरासरी दाखवली असेल तरी खाली माणसागणिक ओळी असतील, तर 'मूळ डेटा दाखवा' ही परवानगी असलेल्याला त्या दिसतात. आमच्याकडे असं एक वर्कबुक महिनाभर वर होतं. ते उघडणाऱ्या एका सहकाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं म्हणून कळलं.

ज्या फील्डची गरज नाही ते एक्स्ट्रॅक्टमध्ये घेऊच नका. सरासरीच दाखवायची असेल तर आधीच सरासरी काढलेला एक्स्ट्रॅक्ट बनवा. डाउनलोड आणि मूळ डेटा या दोन परवानग्या मुद्दाम बघून, एकेक करून ठरवा.

प्रत्येकाला फक्त आपापल्या विभागाच्या ओळी दिसाव्यात, हे कसं करायचं?

एक टेबल ठेवा : वापरकर्त्याचं नाव आणि त्याला दिसणारा विभाग. ते मूळ डेटाशी जोडा आणि 'युजरनेम' फंक्शनने आलेलं नाव त्या टेबलातल्या नावाशी जुळवणारा फिल्टर लावा. गटावर चालवायचं असेल तर 'इज-मेंबर-ऑफ' फंक्शन आहे. हा फिल्टर वर्कबुकमध्ये न ठेवता वेगळ्या पब्लिश केलेल्या डेटासोर्सवर ठेवा. वर्कबुकमधला फिल्टर वेब एडिटची (ब्राउझरमध्येच वर्कबुक बदलण्याची) परवानगी असलेला माणूस काढू शकतो, डेटासोर्सवरचा त्याला काढता येत नाही.

यात एक सहज विसरणारी जागा म्हणजे यादीत दिसणारं छोटं चित्र. ते कोणाच्या नजरेने काढायचं हे पब्लिश करताना विचारलं जातं. तिथे तुमचंच नाव राहिलं तर सगळ्या विभागांचे आकडे त्या चित्रात उमटतात आणि ते सगळ्यांच्या यादीत झळकतात. कमीत कमी दिसणाऱ्या वापरकर्त्याचं नाव निवडा.

'शीट टॅब म्हणून दाखवा' याने नेमकं काय होतं?

टॅब दिसतात, हे एक. त्याखेरीज टॅब चालू असले की सगळ्या शीट वर्कबुकच्या परवानग्यांवर चालतात. टॅब बंद केले की प्रत्येक व्ह्यूच्या (सर्व्हरवर दिसणाऱ्या एकेका शीटच्या) परवानग्या वेगळ्या ठेवता येतात, पण त्यानंतर वर्कबुकवर केलेला बदल त्या व्ह्यूंपर्यंत पोचत नाही. टॅब बंद केलेले असतील तर हे कागदावर लिहून ठेवा.

त्याच नावाने पुन्हा पब्लिश केलं तर जुनं जातं का?

त्याच प्रोजेक्टमध्ये त्याच नावाने केलं तर जुन्यावर नवं बसतं. आधी इशारा येतो. आवृत्तींचा इतिहास चालू असेल तर जुनी प्रत मागे जाऊन परत आणता येते. मूळ मांडणीत अशा २५ आवृत्त्या राहतात. नाव बदलून पब्लिश केलं तर मात्र ते नवं वर्कबुक समजलं जातं. लोकांनी जपून ठेवलेले दुवे आणि मेलच्या सदस्यता जुन्यालाच चिकटून राहतात, आणि ते महिनोन्महिने जुना आकडा बघत राहतात. म्हणून नावात 'अंतिम', 'नवीन', 'मार्च दुरुस्त' असं काही घालू नका. शीटचं नावही सहज बदलू नका, कारण व्ह्यूच्या दुव्यात ते असतं.

सर्व्हर म्हणतो, वर्कबुकची आवृत्ती नवी आहे.

तुमचा डेस्कटॉप सर्व्हरच्या पुढे गेला आहे. फाइल मेनूतून जुन्या आवृत्तीत निर्यात करता येतं, पण नव्या आवृत्तीतल्या सोयी वापरल्या असतील तर त्या गळतात किंवा मोडतात. डेस्कटॉप सर्व्हरच्याच आवृत्तीवर ठेवणं बरं.

टॅब्लो पब्लिकवर टाकलं तर चालेल का? फुकट आहे.

जनतेसाठीच असलेल्या डेटाला चालेल. कार्यालयाच्या डेटाला नाही. ते व्यासपीठ नावाप्रमाणे सार्वजनिक आहे.

आम्ही पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं याच प्रकारचं सॉफ्टवेअर) वापरतो. हे आम्हाला लागू आहे?

शब्द बदलतात, प्रश्न तेच राहतात. तिथे वर्कबुकच्या जागी पीबीआयएक्स फाइल असते, ती प्रोजेक्टऐवजी वर्कस्पेसमध्ये जाते, आणि आतल्या डेटाबेसला पोचायला ब्रिजसारखा गेटवे लागतो. प्रो लायसन्सवर दिवसाला ८ ठरलेले रिफ्रेश मिळतात, आणि लागोपाठ ४ वेळा फसले की वेळापत्रक बंद होतं. 'वेबवर पब्लिश करा' या पर्यायापासून जपून. तो दुवा मिळालेला कोणीही लॉगिन न करता अहवाल बघू शकतो.

वर्कबुक बनवणारा सोडून गेला. आता?

तो जाण्याआधी मालकी बदलून घ्या. सर्व्हरवर ज्याच्या नावाने काही आहे, त्याला काढायला गेलं तर तो काढला जात नाही, फक्त लायसन्स नसलेला होतो आणि त्याची वर्कबुकं त्याच्याच नावाने पडून राहतात. मालकी बदलल्यावर आत ठेवलेला पासवर्ड कोणाच्या खात्याचा आहे, तेही तपासा. खातं बंद व्हायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी.

पब्लिश झालं. आता लगेच काय तपासू?

एक चाचणीचा वापरकर्ता ॲडमिनकडून मागून घ्या, व्ह्यूअर भूमिकेचा, कोणत्याही खास गटात नसलेला. खाजगी खिडकीत त्याच्या नावाने लॉगिन करून तुमच्या वर्कबुकचा दुवा उघडा. दिसायला नको असेल तर ते दिसत नाही ना, बघा. मग त्याला योग्य गटात घालून पुन्हा उघडा. आता दिसलं पाहिजे, पासवर्ड न मागता. एक फिल्टर हलवा, डाउनलोडचं बटण बघा. रिफ्रेशचं काम हाताने एकदा चालवून ते पुरं होऊ द्या आणि डॅशबोर्डवरची शेवटची तारीख मूळ टेबलातल्या तारखेशी जुळवा. ही तारीख डॅशबोर्डच्या कोपऱ्यात कायमची छापलेली ठेवा, म्हणजे पुढे कधी रिफ्रेश अडला तर बघणाऱ्यालाच आधी कळेल.